सुभेदारांचा अंगठा

माझं सगळं बदललं ते त्या रविवारी सकाळी, "थंड" एवढा एकच शब्द खोटा बोललो तेव्हा.

पुण्याच्या पिस्तुलाच्या नेमबाजी स्पर्धेच्या यादीत माझं नाव का नाही, असं तुम्ही सगळे विचारताय. म्हणून जिमखान्याच्या फळ्यावर लावायला हे लिहून पाठवतोय. लांबलं तर लांबू दे...

चिंचवडच्या पुढे एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. तिथे पत्र्याची एक खोली, समोर गोळ्या अडवायला मातीचा उंच बांध, आणि दर रविवारी आम्ही सात-आठ जण. शिकवायला सुभेदार... पलटणीतून निवृत्त, गाव महाळुंगे, साखरेचा आजार, त्यामुळे चहा कायम बिनसाखरेचा. मी इंटरला असताना शिक्षण सोडून कारखान्यात लागलो, म्हणून ते मला 'कॉलेज' अशीच हाक मारतात.

स्पर्धेत सुरुवातीला पिस्तूल टेबलावर ठेवायचं असतं. आत गोळी भरलेली, पण मागचा घोडा खाली उतरवलेला. शिट्टी झाली की उचलायचं, घोडा मागे ओढायचा आणि मारायचं.

आता गोंधळ असा, की गोळी भरताना घोडा आपोआप वर चढतो. म्हणजे भरलेल्या पिस्तुलाचा चाप दाबून तो अलगद खाली आणायला लागतो. हातून निसटला तर गोळी गेलीच.

सुभेदारांची शिस्त ठरलेली. नळी बांधाकडे. आधी घोडा अंगठ्याने घट्ट धरायचा, मगच चाप. घोडा जरा हलला की चापावरचं बोट बाहेर, आणि मग सावकाश खाली. नवा माणूस असला की ते स्वतःचा डावा अंगठा घोड्याच्या फटीत घालून उभे राहतात... चुकलं तर त्यांच्या नखावर पडावा म्हणून.

आणि पिस्तूल हातात देण्याआधी, खोलीतच, प्रत्येकाला एक प्रश्न. "डोकं?" थंड म्हटलं तर पिस्तूल मिळतं. गरम म्हटलं तर बाहेर बसायचं, कोणी हसत नाही. आमचा कासारवाडीचा बबन तर घरी भांडण झालं की आपणहून सांगतो, "आज लई गरम हाय सुभेदार. मी आपला चहा टाकतो."

मी दीड वर्षात एकदाही गरम म्हणालो नव्हतो.

तिचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. नोकरी असली तर मागणी घालता येईल, म्हणून तर कॉलेज सोडलं. त्या शनिवारी स्टेशनवर तिचा भाऊ भेटला. नाशिकचं स्थळ, सुपारी फुटली म्हणाला. वर म्हणतो, "वडील म्हणाले, नापास झालेला परवडला. सोडून आलेला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल हाणत खाणीवर आलो. "डोकं?" "थंड." सुभेदारांनी जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि पिस्तूल दिलं.

गोळी भरली. घोडा उतरवायला घेतला, तर सुभेदार शेजारी येऊन उभे. त्यांनी डावा अंगठा फटीत घातला... मला त्या अंगठ्याची गरज संपून वर्ष झालं होतं.

माझं टाळकं सटकलं. "मी काय शिकाऊ आहे का आता?" म्हणत मी त्यांच्याकडे वळलो. माझ्याबरोबर नळीही वळली. बोट चापावर गेलेलं, आणि माझा अंगठा अजून घोड्यावर बसलाच नव्हता...

गोळीचा आवाज आला नाही. सुपारी फोडल्यासारखा कट् असा बारीक आवाज आला, बस. सुभेदारांनी उजव्या हाताने नळी बांधाकडे फिरवली. "बोट काढ," म्हणाले. "आता गोळी काढ."

तेव्हा कुठे मी पाहिलं. नळी वळली होती त्या रेषेत, शेजारच्या टेबलाशी, बबन पाठमोरा वाकून रिकाम्या पुंगळ्या वेचत होता. तो वळून म्हणाला, "काय कॉलेज, मुहूर्त बघतोय का राव?"

घोडा पडला होता तो सुभेदारांच्या अंगठ्यावर; नख फुटलं होतं. सुभेदारांनी फडकं गुंडाळलं आणि आठ दिवस तसेच राहिले. आमच्या पिंपरीत आता औषधाचा एवढा मोठा कारखाना उभा आहे, पण साखरेच्या माणसाची जखम... ते डॉक्टरकडे गेले तेव्हा अंगठा काळा पडला होता. मुळापासून काढावा लागला.

घरी, डॉक्टरला, आम्हा सगळ्यांसमोर त्यांनी एकच सांगितलं. दारात सापडला.

दार नव्हतं. मी होतो.

बबनला मी त्याच्या घरी जाऊन सांगितलं. त्याने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "पोरं लहान हायत रे माझी." एवढंच म्हणून कप विसळायला उठला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं...

गेल्या रविवारी स्पर्धेची निवड होती. माझा नेम सगळ्यांत बरा, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आणि तिचं लग्नही त्याच दुपारी, चिंचवडातच. खाणीपर्यंत सनई ऐकू येत होती.

खोलीत मी आणि सुभेदार दोघंच. डाव्या हाताच्या चार बोटांवर पिस्तूल तोलून त्यांनी माझ्यापुढे धरलं. "डोकं?"

बाहेर सगळे माझ्यासाठी थांबले होते. पिस्तुलापेक्षा त्या चार बोटांकडेच माझं लक्ष होतं. "गरम," मी म्हणालो.

ते चिडले नाहीत की हसले नाहीत. पिस्तूल पेटीत ठेवलं आणि म्हणाले, "बाहेर बबननं चहा ठेवलाय. घोटभर घे, जा."

कॉलेज सोडल्यापासून मी बरोबर दिलेलं हे पहिलंच उत्तर असेल. ते देता आलं, हे सुभेदारांचे उपकार... अंगठ्याचे तर फिटणारच नाहीत.

मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं. सावकाश... चौकटीवर कोणाचं बोट नाही ना, हे बघून.