साक्षीतलं दार

माझं जुनं आयुष्य मी वीस वर्षांपूर्वी क्रुसापाशी ठेवून आलो. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ते तिथून उचलून आणायचो, लोकांना दाखवायचो आणि पुन्हा ठेवून यायचो.

आमच्या मंडळीत याला साक्ष देणं म्हणतात. प्रभूने आपल्याला कुठून बाहेर काढलं ते चारचौघांत सांगायचं. कुडव्यात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही पंचवीसेक माणसं जमतो. साधा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचतो, तरी माइक आहे. माइकशिवाय पाप किरकोळ वाटतं. माझं पाप मंडळीत पहिल्या नंबरचं होतं. बाहेरून कोणी उपदेशक आले की आमचे पास्टर त्यांना सांगत, "भाईसाहब की गवाही ज़रूर सुनिए."

गोष्ट अशी. मी शाळेत ग्रंथपाल होतो आणि दुपारपासून पीत असे. एका संध्याकाळी गावाहून, दवनीवाड्याहून, निरोप आला, बाबाचं काही खरं नाही, लगेच ये. मोटरसायकलने तासाभराचा रस्ता. मी आणखी एक बाटली मागवली आणि दुसऱ्या दिवशी पोचलो. तोवर बाबा गेला होता.

एवढं खरं. पुढे साक्षीत भर पडत गेली. बाबा खाटेवर पडून दाराकडे पाहत राहिला, पोरगा येईल म्हणून दार सकाळपर्यंत उघडं राहिलं, वगैरे. पहिल्या वर्षी हे दार नव्हतं. कधी आलं ते सांगता येणार नाही. पुस्तकांत नोकरी केलेल्या माणसाला गोष्टीत काय कमी आहे ते लवकर कळतं.

मग ते दार घरीही आलं. दिवेलागणीला मी दार लावू देईना. हवा येते, असं बायकोला सांगायचो. उंबऱ्याशी बिडीचा वास यायचा, आणि आमच्याकडे बिडी कोणी ओढत नाही. प्रार्थनेला डोळे मिटले की पाठीमागे खाट करकरायची. प्रभूला हाक मारावी, तर आधी बाबा मान वळवायचा आणि पाहत राहायचा. त्याहून वाईट म्हणजे तो चेहरा हळूहळू माझ्या बाबाचा राहिला नव्हता. हसताना बाबाचा एक दात ओठाबाहेर यायचा. कोणत्या बाजूचा, ते मला आठवेनासं झालं होतं. साक्षीतला बाबा हसतच नसे.

गेल्या हिवाळ्यात मोठी बहीण डोळे दाखवायला दवनीवाड्याहून आली. ती आमच्या मंडळीतली नाही, पण रविवारी घरी एकटी बसून काय करू म्हणत प्रार्थनेच्या खोलीवर आली. बाबाच्या शेवटच्या रात्री ती तिथेच होती. तिला मी कधीच काही विचारलं नव्हतं. मला गोष्ट पाठ होती.

मी साक्ष दिली. दाराच्या वाक्यावर नेहमीच्या दोन बायकांनी डोळे पुसले. बहीण मात्र, लहानपणी मी गूळ चोरून तोंड पुसल्यावर पाहायची, तशी पाहत होती.

नंतर सगळे जेवायला बसले. तिने भातात वरण कालवलं आणि मग विचारलं, "बाबू, दार उघडं होतं हे तुले कोनं सांगतलं?"

मी म्हणालो, "कोणी नाही, बाई."

"मीच लावलं होतं ना. तू आला नाही, ते खरं हाये. त्याचा मले राग होता, अजून हाये. पन बाबा तुई वाट पाहून नाही राहिला. म्हनला, तो पिऊन असन, अंधारात गाडी घेऊन निंगू नको म्हना त्याले, सकाळी ये म्हना. अन् मले म्हनला, दार लाव वं, मच्छर येऊन राहिले."

एवढं सांगून तिने लोणचं मागितलं.

मला हलकं वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर आधी राग आला. इतक्या वर्षांत उभं केलेलं पाप, आणि बाबाने ते खाटेवर पडल्या पडल्या माफ करून टाकलं होतं, तेही मला न विचारता. मग मात्र भीती वाटली. प्रभूने क्षमा केली, हे मी माइकवर सांगत होतो आणि घरी दार उघडं ठेवून बाबाच्या क्षमेची वाट पाहत होतो. दोन्ही क्षमा कधीच येऊन गेल्या होत्या. ते पाप सोडून जायला तयार नव्हतो तो मी.

निघताना मी बहिणीला दाताचं विचारलं. "डावा," ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात पास्टरांनी माइक दिला. मी म्हणालो, बाबासाठी बोलावलं तेव्हा मी गेलो नाही. उघड्या दाराचं मी सांगायचो, ते खोटं होतं. मला क्षमा मिळाली आहे. आता ही साक्ष मी पुन्हा देणार नाही. पास्टर पुढच्या भागासाठी थांबले होते. "बस?" त्यांनी विचारलं. मी बसलो.

त्या संध्याकाळी घरी मी स्वतः दार लावलं. बायको म्हणाली, "आज काऊन लावलं?" मच्छर येतात, मी म्हणालो. ती कुकर लावायला गेली.

मी प्रार्थनेला बसलो. खाट करकरली नाही. मागायचं काही आठवेना, म्हणून नुसते आभार मानले.

दार आता रोज दिवेलागणीला लागतं. मच्छर खिडकीतून येतात.