जाधव सरांची रविवारची दाढी

जाधव सरांच्या डोक्यावर केस नावालाच होते. तरी दर रविवारी सकाळी ते गारखेड्यातल्या आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर, उत्तमच्या सलूनमध्ये, दाढी-कटिंगला बसायचे. मी एकदा चिडवलं, "सर, उत्तम कापतो तरी काय?" सर आरशातूनच म्हणाले, "माझ्या पेन्शनीतला त्याचा वाटा. संध्याकाळी तोच पैसा किराणावाल्याकडं जातो. एकाचा खर्च ती दुसऱ्याची कमाई. अकरावीला झोपला होतास का?"

अकरावी-बारावीला त्यांनीच मला अर्थशास्त्र शिकवलं. पुस्तक क्वचितच उघडायचे. महागाई शिकवताना म्हणाले होते, "नोटा वाढल्या अन् ज्वारी तेवढीच राहिली, तर ज्वारी महाग झाली म्हणू नका. नोट हलकी झाली." कुणाला कळलं नाही की रागवायचे, आणि राग त्यांना शोभायचाही.

मग चितेगावच्या बाजूचा एक कारखाना बंद पडला. गल्लीतली बरीच घरं त्यावर चालायची. ज्यांच्या नोकऱ्या टिकल्या त्यांनीही हात आखडला, पोरांनी घरी ट्रिमर आणले, मीही आणला. उत्तमनं घाबरून दर उतरवले, तरी गिऱ्हाईक फिरकेना. "लोकांना तू महाग वाटत नायस," सर त्याला म्हणाले, "त्यांना उद्याची भीती वाटतीय." मग ते घरोघर सांगत सुटले, "सगळ्यांनी एकदम मूठ आवळू नका. सगळ्यांचाच धंदा बसंल." लोक माना डोलावत आणि दार लावून घेत. मलाही ते जरा अतीच वाटायचं.

त्या कारखान्याला सुटे भाग पुरवणारं वर्कशॉपही थांबलं. सरांचा मुलगा तिथंच होता. आता अख्खं घर पेन्शनीवर आलं. सुनेनं खर्चाला कात्री लावली आणि सर घरीच दाढी करू लागले. हनुवटीवर कापल्याच्या खुणा दिसायच्या. दूध आणायला ते मागच्या गल्लीनं जायचे, लांब पडायचं तरी. मला बघवायचं नाही.

एका रविवारी मी त्यांच्या ओट्यावर बसलो असताना उत्तम पेटी घेऊन आला.

"सर, पैशाचं राहू द्या. बसा."

"फुकटच्या दाढीनं तुझं भाडं निघंल का?"

"नाय निघत. दुकान सोडलंय मी. उद्या फुलंब्रीला भावाकडं चाललो. म्हणलं, तुमची दाढी करून जावं."

सर बसले. उत्तमनं सावकाश साबण लावला. सरांचे डोळे मिटलेले होते आणि गालावरच्या फेसातून पाणी ओघळत होतं. उत्तम ते पुसत राहिला.

तो गेल्यावर सर म्हणाले, "सांग, कुणाचं चुकलं? सुनेचं? तुझं? माझं? ज्यानं त्यानं आपलं घर सांभाळलं, अन् सगळ्यांनी मिळून उत्तमचं दुकान बंद पाडलं. जन्मभर फळ्यावर हेच लिहिलं मी. वेळ आली तेव्हा मूठ माझीबी आवळलीच."



त्यानंतर सरांनी दाढी वाढवली. कुणी विचारलं तर एवढंच म्हणायचे, "उत्तम आला की काढू."