पोटरीचे काम

दारव्ह्याच्या तहसील कचेरीसमोर, कडुलिंबाखाली अर्ज लिहिण्याचे माझे तखत आहे. माझी शाळा आठवीत सुटली. तथापि या तालुक्यातील कितीतरी अर्जांची भाषा माझी आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते. लिहिण्याची माझी बैठक ठरलेली होती : डावा पाय मुडपून खाली, उजवा गुडघा उभा, त्यावर फळी. सकाळी घातलेली ही बैठक कचेरी बंद होतानाच मोडत असे. अर्जदार आला तरी मी उठत नसे. उठायचे ते फक्त साहेबांसाठी.

गेल्या हिवाळ्यात डाव्या घोट्यावरची कातडी काळवंडली आणि तेथे जखम झाली. पोटरीवर निळ्या शिरा दोरासारख्या फुगल्या होत्या. रक्त बिघडले, असे निदान मी स्वतःच केले व वांगे सोडले. जखम भरेना. पाय राहतो की जातो, या शंकेने अखेर यवतमाळ गाठले.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. त्यांनी मला बैठक घालून दाखवायला लावली.

“रक्त बिघडलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “हृदय रक्त पायापर्यंत ढकलतं. ते परत वर चढवायला पोटरीची मदत लागते. चालताना पोटरी आवळते, शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकतं. शिरांमधल्या झडपा ते खाली उतरू देत नाहीत. तुमच्या झडपा सैल झाल्यात आणि पोटरी दिवसभर बसून. मग रक्त खालीच साचतं.”

“उपाय?”

“घट्ट पट्टी, झोपताना पाय उशीवर. आणि थोड्या थोड्या वेळानं उठून चालायचं. नाही उठलात, तर जखम भरणार नाही.”

प्रकरण मला समजले. जावक चोख होती, आवक तुंबली होती. झडीच्या दिवसांत गोठ्यात बांधून राहिलेल्या बैलांचे पाय सुजले की वडील त्यांना शेताच्या धुऱ्याने, बांधाबांधाने फिरवून आणीत, आणि सूज उतरे. कारण तेव्हा कोणी विचारले नव्हते.

परंतु विनाकारण उठबस करणे माझ्यासारख्याला शोभले नसते. म्हणून ठरवले : अर्जदार दिसला की उठायचे, चार पावले पुढे जायचे आणि त्याला घेऊन परतायचे.

पहिल्याच दिवशी एक म्हातारी आली. रेशनकार्डात सुनेचे नाव चढवायचे होते. मी उठताच ती मागे वळली.

“साहेब चालले वाटते. मी मंग उद्या येतो.”

तिला थांबवून मी शिरा, झडपा, पोटरी, सर्व क्रमवार सांगितले. समोरची चहावाली ऐकत होती.

“काहून भाऊ, निवडणुकीले उभे राह्यले काय?”

“वैद्यकीय कारण आहे.”

“असन. आमचे बी पाय दुखते, पन आमी त पाय दुखले का बसतो, उठत नाई.”

बाजारच्या दिवशी माझ्याकडे गर्दी वाढली. हा माणूस मान देतो, असा बोलबाला झाला. मी प्रत्येकाला खरे कारण सांगितले. ते कोणी मानले नाही. जखम मात्र कडेने भरत आली.

होळीच्या सुमारास ती म्हातारी पुन्हा आली, सुनेला घेऊन. तखताजवळ न येता पार पलीकडच्या हापशीपाशी जाऊन उभी राहिली. मी उठलो, नेहमीची चार पावले चालून थांबलो आणि हाताने बोलावले.

ती जागची हलली नाही. “तुमीच या, भाऊ,” ती म्हणाली. “जखम अजून भराची हाये ना?”

मी हापशीपर्यंत गेलो.