उजव्या आसनावरचा गुडघा

पडदा वर जातो तेव्हा दिसते एक भलीमोठी पत्र्याची शेड. मधोमध छोटं विमान, नाकावरचं झाकण काढलेलं. दाढ उपटून घ्यायला आ वासून बसलेल्या म्हाताऱ्यासारखं. डावीकडे अवजारांचं टेबल, उजवीकडे नुसताच शोभेचा पंखा. आणि विमानाच्या दारातून बाहेर लोंबणारे दोन पाय. आम्ही नटमंडळी प्रवेश घेताना टाळीसाठी क्षणभर थबकायचो. या नायकाचा प्रवेश पायांनीच होतो, आणि टाळी कोणी देत नाही.

हे पाय माझ्या मेहुण्याचे. बायकोचा धाकटा भाऊ, फ्लाइंग क्लबातला रेडिओ मेकॅनिक. सगळे त्याला कानसेन म्हणतात. नाव मीच ठेवलं. विशीत तो आमच्या नाटक कंपनीत माइक सांभाळायचा. एकदा ऐन पहिल्या अंकात स्पीकर गुणगुणू लागले. मॅनेजर म्हणाले, प्रेक्षक घोरताहेत. तेव्हा रंगमंचावर मीच होतो, म्हणून ती शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. यानं मात्र एक वायर उपटली आणि गुणगुण बंद.

"दाजी," तो नंतर म्हणाला, "आवाजाला घरी परतायला एकच वाट द्यावी. दोन दिल्या की मधेच गोल फिरत गात बसतो."

पुढे कंपनी बुडाली, आम्ही सगळे इतिहासजमा झालो, आणि हा विमानांचे कान कोरू लागला. तीस वर्षं. त्याच्या हातचा रेडिओ कधी बोबडा बोलला नाही, असं सगळे म्हणत. म्हणजे नियतीनं थट्टा करायला माणूस अचूक निवडला.

कारण या विमानात गेले दोन महिने खरखर होती. मधूनच कानात 'कुईं' सुरू व्हायचं, इंजिनाचा वेग वाढला की सूरही चढायचा, आणि मग शेजारच्या आसनावरचा माणूस काय बोलतोय ते कळेना. मधूनच म्हणजे कधी? तर कानसेनची मुलगी, याच क्लबात विमान चालवायला शिकणारी, मुख्य मास्तरांसोबत परीक्षेचं उड्डाण करायची, तेव्हा! एकटी उडाली की विमान गुणी बाळ. धाकट्या मास्तरांसोबतही गुणी बाळ.

मुख्य मास्तर म्हणजे भारदस्त असामी. विमानात ते बसत नाहीत, विमान त्यांच्याभोवती बसवावं लागतं. त्यांनी सूचना दिल्या, हिला ऐकू आल्या नाहीत, नापास. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा नापास झाली की क्लबातून नाव कमी.

"सर, मला खरंच ऐकू येत नाही. तुम्ही बसलात की आवाज येतो," ती म्हणाली.

"म्हणजे मीच खरखर?"

"तसं नाही सर..."

"मला बरं सगळं ऐकू येतं!" ते गरजले. त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकू येत असणार. तेवढं त्यांना आयुष्यभर पुरलं आहे.

मग त्यांनी दुरुस्तीची वही मागवली. पहिली नोंद: जमिनीवर तपासले, दोष आढळला नाही. दुसरी नोंद: तेच. खाली वळणदार सही. कुणाची? बापाची.

"घरचाच दाखला!" मास्तर म्हणाले. "रेडिओ ठीक, हेडसेट ठीक. मग बिघाड कुठे? कानसेन, तुमच्या घरात कान एकालाच मिळाले वाटतं."

झालं. आता त्यानं दोष शोधला तर लोक म्हणणार, मुलीत निघाला म्हणून यंत्रात काढतोय. नाही शोधला तर मुलगी गेली. आणि तिला बुडवायला दोन सह्या त्याच्याच. तिसरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती.

अशा शुभमुहूर्तावर मी त्याचा विसरलेला डबा घेऊन शेडमध्ये पोचलो. पाय दिसले. पायांना म्हटलं, "मेहुणे, जेवा."

"दाजी, अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावरचं वीज बनवणारं यंत्र, बंद केला की 'कुईं' थांबतं, असं पोरीनं वर असताना पाहिलंय. म्हणजे वीज तिथूनच शिरते. पण कानात कुठून येते ते सापडेना. इथे तर येतच नाही!" पायांमागून हळूहळू बाकीचा माणूस आला. काडीसारखा, तोंडात टॉर्च. तो माझ्याकडे बघत राहिला. तोंडाकडे नाही, पोटाकडे.

"दाजी, तुमचं वजन किती?"

"दहा वर्षं राजे केले मी. राजाच्या मापाचं आहे."

"उजव्या आसनावर बसा. मुख्य मास्तरांसारखे."

एवढ्या वर्षांनी भूमिका चालून आली होती, नाही कसं म्हणणार? शिडी लावून, दोन माणसांनी ढकलून मला आत घातलं. मी छाती काढली, हनुवटी उचलली, गुडघे फाकवले. कानसेननं नाकावरचं झाकण लावलं, विमान शेडबाहेर ढकलवलं आणि शेजारी बसून इंजिन सुरू केलं. कानात शांतता.

"मास्तरांसारखे, दाजी! जग आपलंच आहे असे बसा!"

मी आणखी पसरलो. उजवा गुडघा पॅनेलला टेकला, जिथे हेडसेटची पिन खोचतात तिथे. आणि कानात 'कुईंऽऽ'!

"हलू नका! गुडघा आत घ्या. आता टेकवा. आत. टेकवा." माझ्या गुडघ्यानं एवढा अभिनय आजवर केला नव्हता. यानं इंजिन बंद केलं, पॅनेलमागे हात घातला आणि शर्टाच्या बटणाएवढा एक वॉशर बाहेर काढला. दोन तुकडे झालेला. पिन ज्या भोकात खोचतात तो जॅक विमानाच्या पत्र्याला लागू नये म्हणून तो मधे असतो. वॉशर फुटलेला, गुडघ्यानं पिन दाबली की जॅक पत्र्याला टेकणार.

"घरी परतायला दोन वाटा," मी म्हणालो.

तो हसला नाही. "मी उजवं आसन रिकामं ठेवून तपासत होतो, दाजी. एकटाच बसून. दोन्ही वेळा."

नवा वॉशर बसवून त्यानं वही उघडली आणि मास्तरांसमोरच लिहिलं: मागील दोन्ही नोंदी माझ्या चुकीच्या. उजवे आसन रिकामे ठेवून तपासले. उजव्या आसनावरील व्यक्तीचा गुडघा टेकल्यावर दोष आढळला.

"गुडघ्याचा उल्लेख आवश्यक आहे का?" मास्तरांनी हळूच विचारलं. त्यांना हळू बोलताही येतं, हे त्या दिवशी क्लबाला प्रथमच कळलं.

"दोष तिथेच सापडला, सर," कानसेन म्हणाला आणि सही केली. तशीच, वळणदार.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमान वर गेलं. बापानं शेडच्या दारात उभं राहून पाऊण तास एकच स्क्रू पुसला. मी शेजारी उभा राहून तेवढा वेळ नुसता प्रेक्षक झालो. माझ्या कारकिर्दीतला तोही विक्रमच.

विमान उतरलं. मास्तर आधी उतरले, म्हणजे उतरवले गेले, आणि "पास" एवढंच म्हणून निघून गेले. पोरगी धावत आली. घामानं थबथबलेली.

"बाबा, सगळं ऐकू आलं! शब्दन् शब्द! आतोबा, पाऊण तास सर अखंड ओरडत होते. एक क्षण थांबले नाहीत!"

कानसेननं स्क्रू खिशात टाकला, डोळे पुसले, आणि म्हणाला, "अरेरे. मग तो फुटका वॉशर परत बसवून देऊ का?"