दाढ काढली, पण तोंड कुटं सुजलंय?

दाताच्या डॉक्टरकडे किस्से का साठतात सांगू? खुर्चीतल्या माणसाचं तोंड उघडं असतं, पण त्याला बोलता येत नाही. मग बाहेर पडल्यावर तो सगळं गावभर बोलतो! आणि ते फिरून माझ्याच कानावर येतं.

सत्तर सालच्या आसपास मी लोणावळ्याच्या बाजारात दवाखाना टाकला. पाटी नवी, खुर्ची नवी, आणि मी स्वतःला फार मोठा सर्जन समजत होतो. पहिलीच अक्कलदाढ आली ती औंढ्याच्या आबांची. दाढ आडवी. माझा घाम आबांच्या सदऱ्यावर पडेपर्यंत झटापट चालली, पण निघाली एकदाची!

दुसऱ्या दिवशी आबांचा गाल हा एवढा! त्यात बाजाराचा दिवस. आबा माझ्या दवाखान्यासमोरच भाजी विकायला बसलेले. जो येईल तो वांग्यांचा भाव विचारायच्या आधी गालाचं विचारी. आबांना बोलता येत नव्हतं. ते नुसतं बोट माझ्या पाटीकडे करायचे!

त्या महिन्यात खुर्चीत मीच बसून पेपर वाचला. आणखी काही दिवस असंच चाललं असतं, तर दवाखान्याला कुलूप लावून सासऱ्यांच्या किराणा दुकानात पुड्या बांधायला बसावं लागणार होतं. सासरे त्याचीच वाट बघत होते.

*

मी पुण्याला आमच्या सरांकडे धाव घेतली. "अरे, दाढ अवघड असली तर दोन-तीन दिवस स्टेरॉइडची गोळी दे," ते म्हणाले. "सूज फारशी चढत नाही."

पहिला मान रेल्वेलाइनवर काम करणाऱ्या सखारामचा. दाढ काढली, गोळ्या दिल्या, गाल जागच्या जागी! मी भलताच खूश. दोन दिवसांनी सखाराम तणतणत हजर.

"मुकादम म्हनतोय, दाढ काढली तर तोंड कुटं सुजलंय? रजा न्हाई!"

"अरे, मी सर्टिफिकेट देतो ना."

"त्ये ऱ्हाऊ द्या. जरा सुजवून द्या की!"

*

या गोळीनं भूक खवळते, हे भाजे गावच्या मावशींना सांगायचं मी साफ विसरलो. "पेज प्या," एवढंच सांगितलं. मावशी पेज प्यायल्या, मग भाकरी कुस्करून खाल्ली, मग सुनेच्या ताटातली उचलली!

"दाढ काढली का पोटाला भोक पाडलंस रं?" मावशी कडाडल्या. मी माफी मागितली. जाताना मात्र हळूच म्हणाल्या, "चार गोळ्या जादा दे. सून लय वाळलीया माजी."

दिल्या नाहीत, म्हणून अजून रागावलेल्या आहेत.

*

चिक्कीवाल्या रहीमभाईंना मी गोळी झोपताना घ्यायला सांगितली. शुद्ध गाढवपणा! ती सकाळी घ्यायची. रहीमभाईंच्या डोळ्याला डोळा लागेना, म्हणून त्यांनी उजाडेपर्यंत दुकानातले सगळे डबे घासून फळ्या पुसून काढल्या. सकाळी त्यांच्या बेगम दवाखान्यात. मी घाबरून उभाच राहिलो.

"डॉक्टरसाहेब, यांच्या अजून किती अक्कलदाढा उरल्यात? एक ईदच्या आधी काढा ना!"

*

असं करत करत न सुजलेले गाल गावोगाव हिंडले आणि माझ्या बाकावर माणसं दिसू लागली. सासरे जरा हिरमुसले. आता एक शेवटचा जोर लावायचा, असं मनात होतं, आणि नेमकी माझीच अक्कलदाढ ठणकू लागली. मला वाटलं, वा! याहून चांगली जाहिरात कोणती?

पुण्याला जाऊन सरांकडून दाढ काढून घेतली, गोळ्या घेतल्या आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात. बाक गच्च भरलेला. मी गाल उजेडात धरला.

"बघा! कालच काढलीय. आहे का सूज?"

लोहगडवाडीचे एक भाऊ उठले. त्यांनी माझा गाल या बाजूनं बघितला, त्या बाजूनं बघितला.

"न्हाई बा! झ्याक काढली. कुनी?"

"पुण्याच्या सरांनी. स्वतःची दाढ स्वतःला कशी काढता येणार?"

"त्ये खरंच," भाऊ म्हणाले. "पर दाढा काढनारा मानूस सोता ज्याच्याकडं जातो, त्योच डॉक्टर खरा की! तेवढा पत्ता लिवून द्या."

मी पत्ता लिहून दिला. मागून बाकावरचा दुसरा हात पुढे आला.

"मलाबी एक."