आबांचा पाय आणि पाऱ्याचा थेंब

“त्यांना बूट घालायला सांग की!” डॉक्टर म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं.

“डॉक्टर, ते तालमीचे वस्ताद आहेत. तालमीत बूट घालून कोण जातं?”

“मग तालमीत जाऊ नका म्हणावं.”

झालं! एवढं ऐकून मी गप्प बसणार होय? पण शेजारी आई होती. तिनं दंडाला असा काही चिमटा काढला की पुढचं सगळं तोंडातच राहिलं.

आबा म्हणजे माझे वडील. एकाहत्तरच्या लढाईतून ते डोक्याला जखम घेऊन घरी आले. जखम भरली, जीव वाचला, पण डावं पाऊल काही उचलेना. गुडघा वाकायचा, मांडी हलायची, पण पाय पुढं टाकताना पाऊल खाली लोंबायचं, अंगठा जमिनीला अडायचा आणि आबा तोंडावर आपटायचे. उंबऱ्यात, अंगणात, सपाट रस्त्यावरसुद्धा. फौजेतून सुट्टीवर आले की कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात ते पोरांना कुस्ती शिकवायचे. आता कायमचे घरी आले होते आणि तालमीच्या मऊ मातीत तर दोन पावलं टाकणं मुश्कील. पोरं धावत यायची, “वस्ताद, तुमी बसा, आमी बघतो की,” म्हणायची. पोरं चांगलीच होती हो, पण ते ‘बसा’ आबांना गोळीपेक्षा जास्त लागायचं. परत मातीत उतरून पोरांना डाव शिकवायचा, एवढंच त्यांना हवं होतं. दुसरं काही म्हणून नाही.

अशी काही वर्षं गेली. तर मिरजेच्या या डॉक्टरांनी परदेशातून शिकून येताना एक नवलाचं यंत्र आणलं होतं. रुपयाएवढी चकती गुडघ्याखाली कातडीच्या आत बसवायची, तिची बारीक तार पाऊल उचलणाऱ्या नसेला जोडायची. बाहेरून त्याच जागी तारेचं वेटोळं बांधायचं, कमरेला डबी आणि बुटाच्या टाचेत स्विच. टाच उचलली की स्विच डबीला रेडिओसारखा संदेश धाडणार, डबी वेटोळ्यातून आतल्या चकतीला वीज देणार, नस जागी होणार आणि पाऊल वर! टाच टेकली की बंद. आबांची नस धडधाकट होती. तिला हुकूम सोडणारा मेंदू तेवढा गप्प झाला होता.

मी तेव्हा सांगलीत इंजिनिअरिंगला होते, विजेच्या शाखेला. माझ्या बापाच्या अंगात रेडिओ! मी तर हवेतच होते. ऑपरेशन झालं, टाके निघाले आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात आबा बूट घालून टाक टाक चालले, तेव्हा आई रडली आणि मी शिट्टी मारली. नर्स माझ्यावर ओरडली. ओरडू दे!

घरी आलो. दारात आबांनी जन्माच्या सवयीनं बूट काढले, आत पाऊल टाकलं आणि धाडकन पडले. टाचेतला स्विच बुटासकट बाहेरच राहिला होता! ज्यानं ते यंत्र काढलं, त्याच्या देशात लोक चुलीपर्यंत बूट घालून जात असतील बहुतेक. आमच्याकडं देवघर, स्वयंपाकघर, जेवायची जागा, तालीम, सगळीकडं अनवाणी. म्हणून डॉक्टरांकडं परत गेलो, तर तो बुटाचा सल्ला मिळाला.

मग मीच पदर खोचला. बुटातला स्विच काढून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आबांच्या टाचेखाली बांधला. घरात छान चालले. तालमीच्या दारापर्यंत गेले आणि तसेच माघारी फिरले.

“काय झालं?”

“मातीच्या आन माज्या मधी रबर न्हाई चालायचं.”

“आबा, हट्टाला काही मर्यादा असते!”

“न्हाई.”

एक शब्द. त्याच्यापुढं कुणाचं काय चालतंय! आणि हट्ट मी कुणाकडून घेतला, ते मला सांगायला नको.

म्हणजे पायाखाली काही नको. मग पाऊल उचलायची वेळ झाली हे डबीला सांगायचं कुणी? सांगलीच्या एसटी स्टँडवर बसून मी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघत राहिले. साड्या, धोतरं, विजारी. एक बाई थांबून म्हणाली, “आगं, काय हरवलंय काय तुजं?” काय सांगणार कपाळ! पण तिथंच सापडलं. हाफचड्डीतला एक हवालदार समोरून गेला आणि मला दिसलं की, टाच उचलायच्या वेळी नडगी पुढं कलते. पाय पुढं पडला की ती मागं कलते. दर पावलाला! टाचेला विचारायचंच कशाला? नडगीलाच विचारायचं! मी बाकावरून अशी उठले की शेजारचे आजोबा दचकले.

प्रयोगशाळेत बोटाएवढी काचेची नळी घेतली, आत दोन तारा सोडल्या, पाऱ्याचा थेंब टाकला आणि दोन्ही तोंडं बर्नरवर वितळवून बंद केली. नळी कलली की पारा घरंगळत तारांवर येतो आणि वीज सुरू. उलटी कलली की बंद. दोन नळ्या फुटल्या, तिसरी जमली. ती माझ्याच नडगीला बांधली, सेल आणि बॅटरीचा बल्ब जोडला आणि चालले. दर पावलाला बल्ब पेटतोय! मी हसत सुटले. सर विचारतात काय झालं, तर मी नुसतं बल्बाकडं बोट दाखवतेय.

तशीच मिरजेला डॉक्टरांपुढं उभी राहिले. ते आधीच म्हणाले, “डबी उघडायची नाही हं. बिघडली तर दुसरी आणायची कुठून?” मी साडी घोट्याच्या वर खोचली आणि त्यांच्या खोलीत येरझाऱ्या घातल्या. बल्ब पेटत होता, विझत होता. डॉक्टर खुर्चीतून उठले.

“परत चाल.”

चालले.

“दे ती इकडं!” त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळली, नळी स्वतःच्या नडगीला बांधली आणि चालायला लागले. दारातून पेशंट डोकावत होते आणि हा एवढा मोठा सर्जन बल्बकडं बघत लहान पोरासारखा खिदळत होता. मग त्यांनी स्वतःच स्क्रू ड्रायव्हर मागवला आणि डबी उघडली. माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला.

नळी आता वेटोळ्याशेजारीच, गुडघ्याखालच्या पट्ट्यात बसली आणि तिच्या तारा डबीत गेल्या. आबा घरभर अनवाणी फिरले, चुलीपाशी जाऊन आले, देवाला हात जोडून आले. मग जेवायला म्हणून उकिडवे बसायला गेले. नडगी पुढं कलली ती तशीच राहिली, पाराही तारांवरून हलेना, पाऊल वर ते वरच, आणि आबा ताटासमोर उताणे! आमटी सगळीकडं. आई म्हणाली, “आवं, ह्या यंत्राला जेवायचं ठावं न्हाई वाटतं!” आबा आडवे पडूनच हसत होते. सांगलीला परतून मी डबीत एक कंडेन्सर टाकला. नळी कितीही वेळ कललेली राहिली, तरी वीज एका पावलापुरतीच सुटणार आणि आपोआप थांबणार. पुढच्या वेळी आबा उकिडवे बसले, पाऊल जरा फुरफुरलं आणि खाली टेकलं. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या त्यांनी.

मग तालीम. डॉक्टरांनी बजावलं होतं, शिकवायचं फक्त, खेळायचं नाही. बायका आत जात नाहीत, म्हणून मी खिडकीचे गज धरून उभी. आबांनी माती कपाळाला लावली आणि आत उतरले. एक पाऊल. दुसरं. मातीच्या अख्ख्या हौद्याला फेरी मारली. माझे डोळे भरून आले, पण डोळे पुसायलाही फुरसत नव्हती, इतकं बघायचं होतं.

ते एका पठ्ठ्याला ढाक डाव दाखवायला लागले. पोरगं घाबरून हलक्या हातानं धरत होतं.

“धर की रं नीट! मी काय काचंचा हाय व्हय?”

पोरानं धरलं. आणि सवयीनं पुरता डावच मारला! आबा हवेत गेले आणि पाठीवर धप्पकन पडले. “आबा!” मी गजांतून किंचाळले. पोरगं तर पांढरंफटक पडलं, वस्तादांचे पाय धरून “चुकलं, चुकलं” करायला लागलं.

आबा मातीत पसरून छताकडं बघत होते. मग छाती हलायला लागली. मला वाटलं रडतायत. हसत होते! पोराला उराशी ओढून, खिडकीकडं मान वळवून ते ओरडले, “आगं, बघितलंस का? इतकी वरसं माजा मीच पडत हुतो. आज मला पाडाय पैलवान लागला!”