लहानपणी मला पाहिलेलं एकच माणूस

बावीस वर्षं मी एका पॅथॉलॉजी लॅबच्या मागच्या खोलीत बसून मायक्रोस्कोपखाली रक्त बघत होते. खोलीत मी एकटीच. कोणाला काही हवं असलं की आधी दार वाजायचं, तेवढ्यात मी चेहरा नीट करून घ्यायचे. मला ते काम आवडायचं असं म्हणणं कमीच पडेल. दिवसभरात फक्त तिथेच मी काही करायला विसरले तरी चालायचं: हसायला, मान हलवायला, समोरच्याच्या डोळ्यांत बघायला.

मग मोठं मशीन आलं. पेशी मोजायचं बहुतेक काम त्याच्याकडे गेलं आणि डॉक्टरसाहेबांनी मला पुढे, सॅम्पल घेण्याच्या काउंटरवर बसवलं. "मॅडम, आप सबसे पुरानी हो, पेशंट को भरोसा रहेगा," ते म्हणाले. त्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं. मी "जी सर" म्हटलं.

काउंटरच्या बरोबर वर टोकनचा स्पीकर होता. दर दोन मिनिटांनी एक बाई त्यातून नंबर ओरडायची. खाली लहान मुलं रडायची, लोक फोनवर मोठमोठ्याने बोलायचे, स्पिरिटच्या वासात कोणाच्या तरी पिशवीतल्या कचोरीचा वास मिसळायचा. मला रक्त काढता येत होतं, हात कधी चुकला नाही. पण संध्याकाळी शहराबाहेर, राऊला घरी पोचेपर्यंत माझी भाषाच संपलेली असायची. नवरा विचारायचा, "चहा घेणार?" आणि मला "हो" हा शब्द सापडायचा नाही. तो समजायचा, ही रागावली आहे.

त्या दिवसांत एक पेशंट आली. तिशीतली असावी, कॉलेजात शिकवते म्हणाली. कानांवर मोठे हेडफोन. खुर्चीत बसल्यावर तिने शांतपणे सांगितलं, "मैं ऑटिस्टिक हूँ. सुई लगाने से पहले बता दीजिएगा, और हाथ बार-बार मत छूइएगा, प्लीज."

मला तिचा भयंकर राग आला. इतकी शिकलेली, नीट बोलणारी बाई, हिला कसला ऑटिझम? मला तर ऑटिझम म्हटलं की न बोलणारी लहान मुलंच आठवायची. पण राग त्याचा नव्हताच, हे मला घरी जाताना बसमध्ये कळलं. मला कोणी हात लावला की अंगावर काटा येतो. न्हाव्याच्या दुकानावरून जाताना मशीनचा आवाज आला की माझे दात शिवशिवतात. हे सगळं मीही आयुष्यभर सोसत आले होते, आणि ही बाई सरळ सांगून मोकळी झाली होती. असं सांगता येतं?

पुढचे तीन आठवडे मी फोनवर वाचत बसले. मोठेपणी हे कळलेल्या बायका काय काय सांगतात ते. लोक समजतात तसा मला आनंद वगैरे झाला नाही. एकेक ओळ वाचली की मी फोन उलटा ठेवायचे, मग पुन्हा उचलायचे. याआधी दोनदा मी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन आले होते. दोन्ही वेळा नैराश्याच्या गोळ्या मिळाल्या, दोन्ही वेळा मी त्या नियमाने घेतल्या आणि बरी झाल्याचं सांगितलं. समोरच्याला तेच ऐकायचं असतं, असं मला वाटायचं.

एका सोमवारी काउंटरवर फार गर्दी होती. स्पीकर बिघडून एकच नंबर पुन्हा पुन्हा ओरडायला लागला. मी हातातली ट्यूब स्टँडमध्ये नीट ठेवली, त्यावर पेशंटचं लेबल लावलं, उठले आणि सॅम्पलच्या फ्रिजच्या खोलीत जाऊन जमिनीवर बसले. दार आतून लावलं. बाहेरून सगळे हाका मारत होते. मला ऐकू येत होतं, पण उत्तर देता येत नव्हतं. शेवटी नवऱ्याला बोलावलं तेव्हा मी दार उघडलं. डॉक्टरसाहेबांनी मला महिनाभर घरी बसायला सांगितलं. तो महिना अजून संपलेला नाही.

मी ज्या मानसशास्त्रज्ञ बाईंकडे गेले त्या माझ्याहून लहान होत्या. तीन वेळा बोलावून त्यांनी बरंच विचारलं. मग म्हणाल्या, "तुमच्या लहानपणाबद्दल सांगू शकेल असं कोणी लागेल. आई-वडील?"

"दोघंही गेले."

"मग भाऊ, बहीण? लहानपणी तुम्हाला जवळून पाहिलेलं कोणीही."

असं एकच माणूस होतं, आणि ते माझ्याशी अठरा वर्षं फक्त दिवाळीपुरतं बोलत होतं.

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, ऑटिझमची शंका आणि लोकांत मी कशी ठरवून हसते-बोलते तेही. वाईट माणूस नाही तो, दमलेला आहे. म्हणाला, "सेहेचाळीसाव्या वर्षी हे कळून काय करायचंय? उद्या पोरीचं लग्न करायचंय." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "मतलब, इतकी वर्षं तू आमच्यासोबत नाटक करत होतीस?"

मला नाही म्हणायचं होतं. पण ते खोटं झालं असतं. तो उठून आत गेला.

ताई स्नेहलतागंजमध्ये राहते, सासरच्या जुन्या घरात, दुसऱ्या मजल्यावर. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मी दुपारी गेले, आधी फोन करून, काय बोलायचं ते कागदावर लिहून. तिने दार उघडलं आणि विचारलं, "कोणाला काही झालं का?" कारण नसताना मी तिच्याकडे जात नाही, हे तिला ठाऊक होतं.

मी कागद न काढता सगळं सांगितलं. ती हसली. "तुला? काहीही! अगं, तू वर्गात पहिली यायचीस."

"पहिली यायचे. पण माझ्या डब्याजवळ कोणी बसायचं का?"

तिचं हसू थांबलं. तिने चष्मा लावून बाईंनी दिलेला फॉर्म हातात घेतला. एकेक प्रश्न मोठ्याने वाचायची आणि मला न विचारताच उत्तर लिहायची. टाचा उचलून चालायची का? हो, आठ वर्षांची होईपर्यंत. भात-वरण एकमेकांना लागलं तर? ताट ढकलून द्यायची. एकच निळा फ्रॉक, धुवायला टाकला की दोरीखाली उभी राहायची, वाळेपर्यंत. हे शेवटचं माझ्या आठवणीतच नव्हतं.

"नजरेला नजर," तिने वाचलं. "आई तुझी हनुवटी धरायची. माझ्याकडे बघ, माझ्याकडे बघ, म्हणून. तू डोळे मिटून घ्यायचीस, मग आई एक लावायची." ती लिहिता लिहिता म्हणाली, "आणि शाळेत तुझी जबाबदारी माझ्यावर. तुला कोणी खेळायला घेत नसे, म्हणून मधल्या सुट्टीत मी पण बसून राहायची. हे विचारलंय का यात कुठे?"

ते विचारलेलं नव्हतं.

पुढचा प्रश्न ती मनातच वाचत राहिली. मग म्हणाली, "इतरांच्या बोलण्या-वागण्याची नक्कल." चष्मा काढला. "माझी करायचीस तू. आठवतं? माझ्यासारखं हसायचीस. मी मैत्रिणींशी बोलले की दुसऱ्या दिवशी तेच, त्याच सुरात, तू बोलायचीस. माझ्या मैत्रिणी हसायच्या. मला वाटायचं तू मला चिडवून राहिली आहेस."

"आई सांगायची तसं कर म्हणून," मी म्हटलं. "ताई कशी बोलते बघ, तसं बोल. मी अजूनही तसंच हसते. लग्नात, लॅबमध्ये, सगळीकडे. ते तुझंच आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. काही उलगडत असावं, असं मला वाटलं. मी चुकले होते.

"माझं मंगळसूत्र घ्यायला सराफ्यात गेलो होतो," ती म्हणाली. "मी गळ्याला लावून विचारलं कसं दिसतं. तू म्हणालीस, मान आखूड दिसते. दुकानदाराच्या समोर." आणि मग, अगदी हळू आवाजात, "आणि ते? ते पण लिहू?"

मला कळलं ती कशाबद्दल बोलते आहे. तिला पाचवा महिना होता तेव्हा तिचं बाळ गेलं. ती हॉस्पिटलमधून घरी आली, याच खोलीत निजली होती. सासू, नणंदा, शेजारच्या बायका बसल्या होत्या. मी तपासणीचा रिपोर्ट घेऊन आले आणि सगळ्यांसमोर तिला समजावून सांगितलं. बाळाच्या रक्तपेशींत काय दोष होता, ते जन्माला आलं असतं तर काय काय झालं असतं, आणि आता गेलं हेच कसं बरं झालं. सगळं बरोबर होतं. एक शब्द चुकीचा नव्हता. तिला पुन्हा मूल झालं नाही. दोन वर्षांनी मला मुलगी झाली, तेव्हा ती बारशाला आली नाही. मला कारण समजलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

"मला वाटलं मी तुला धीर देतेय," मी म्हटलं. "मला कोणी असं सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं. काय झालं ते नीट कळलं असतं."

"सासूबाई नंतर म्हणाल्या, बघ, तुझी सख्खी बहीण सांगते दोष होता म्हणून. दोष. वर्षानुवर्षं तो एक शब्द मी या घरात ऐकला." तिने पेन खाली ठेवलं. "आणि आता तू हा फॉर्म घेऊन आलीस. मतलब, आता मी चिडायचं पण नाही? बिचारीला आजार होता, असं म्हणायचं?"

"आजार नाही तो," मी म्हटलं. हे त्या वेळी बोलायचं नव्हतं. बोलून झाल्यावर मला कळलं.

ताई रडायला लागली. मोठ्याने नाही, तोंडावर पदर धरून. मी समोर बसून राहिले. जवळ जायचं की नाही, हात धरायचा की नाही, चेहरा कसा ठेवायचा, मला काहीच समजेना. आयुष्यभर अशा वेळी ताईने काय केलं असतं ते आठवून मी तसं करत आले होते. आणि आता ताईच समोर रडत होती. मला दुःख होत होतं का? होत होतं, इतकं की छातीत दुखत होतं. पण ते बाहेर कुठून काढतात ते मला माहीत नव्हतं. मी खिडकीच्या गजांकडे बघत बसले. तिला ते कसं दिसलं असेल, ते मी आता समजू शकते.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, राहिलेले प्रश्न भरले, खाली सही केली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. "जा घेऊन."

पंधरा दिवसांनी बाईंनी रिपोर्ट दिला. मला जे वाटत होतं तेच होतं. त्या हळुवारपणे म्हणाल्या की बऱ्याच जणींना हे कळल्यावर हलकं वाटतं. मी मान हलवली. बाहेर रिक्षावाला म्हणाला, "कहाँ जाना है, दीदी?" आणि मी पाच मिनिटं तिथेच उभी राहिले. मला हलकं वाटत नव्हतं. शाळेपासून आजपर्यंत मी ज्यांना ज्यांना दुखावलं ते सगळे एकदम आठवत होते, आणि ज्यांना दुखावलं हेच मला अजून कळलेलं नाही असे आणखी किती असतील, ते मोजायला कुठलंच साधन नव्हतं.

नवऱ्याने रिपोर्ट वाचला, घडी घालून कपाटात ठेवला. तेव्हापासून तो माझ्याशी जपून बोलतो, पाहुण्यांशी बोलावं तसा. मी हसले की थबकतो, माझं हसणं खरं आहे का ते बघतो. म्हणून मी घरात हसणं सोडलं आहे.

ताईला मी फोन केला. तिने सही केली होती, निकाल सांगणं माझं काम होतं. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "आता मला काही दिवस फोन करू नकोस."

मी विचारलं, "किती दिवस?"

मला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणजे मी तारीख लिहून ठेवली असती आणि त्याआधी केला नसता. पलीकडून तिचा श्वास ऐकू आला, आणि मग फोन बंद झाला. त्याला तीन महिने झाले.